रोधक-धारित्र मंडलांतील ध्रुव आणि शून्य : एका संकल्पनेचा इतिहास

विद्युत्-मंडलांच्या अभ्यासात ‘ध्रुव’ आणि ‘शून्य’ हे दोन शब्द इतक्या आरंभीच भेटतात की, ते त्या विषयाबरोबरच जन्मास आले असावेत अशी सहज समजूत होते. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या घटनांना हे शब्द लावले जातात त्यांच्याशी तारायंत्राच्या अभियंत्यांची गाठ पडली ती १८५० नंतरच्या दशकात, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमध्ये. हे शब्द मात्र मंडलशास्त्रात रुळले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात. मधल्या काळात वस्तू होती, तिचे गणितही पुष्कळसे होते, पण नाव नव्हते. नावाच्या अभावी दोन अगदी भिन्न गोष्टींची गल्लत होत राहिली : मंडलाच्या अंगभूत स्वभावामुळे काय घडते आणि मंडलात आपण कोठून बोलतो व कोठे कान देतो यामुळे काय घडते. ही गल्लत केवळ पुस्तकी नव्हती. एका प्रचंड उद्योगाचे भांडवल तिच्यापायी पणास लागले होते.

प्रथम वस्तूचा परिचय अगदी साध्या उदाहरणाने करून घेणे इष्ट होईल. एका रोधकातून एक धारित्र भरावयाचा आणि धारित्राच्या दोन टोकांमधील दाब हे प्रदान मानावयाचे. रोध र, धारिता ध, आणि हेव्हिसाइडच्या रीतीप्रमाणे कालसापेक्ष अवकलनाची क्रिया प या अक्षराने दर्शविली, तर प्रदानाचे आदानाशी गुणोत्तर १ ÷ (१ + परध) असे येते. या गुणोत्तरास संक्रमण फलन म्हणतात. प ची किंमत उणे १ ÷ रध घेतली की छेद नाहीसा होतो आणि फलन अनंत होते. ते स्थान म्हणजे या मंडलाचा ध्रुव. रोध १०,००० ओहम आणि धारिता ०.१ मायक्रोफॅरड असेल तर रध हा गुणाकार १ मिलिसेकंद भरतो आणि ध्रुव सेकंदास उणे १००० या स्थानी पडतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आदानाचा दाब काढून त्याची टोके एकमेकांस जोडून टाकली, तरी धारित्रातील भार तत्काळ जात नाही. दर मिलिसेकंदास तो आधीच्या सुमारे ३७ टक्के उरतो. बाहेरून कोणी काही न सांगता मंडल स्वतःहून जसे वागते, त्याचा निर्देश ध्रुव करतो.

आता त्याच दोन घटकांची जुळणी न बदलता प्रदान धारित्राऐवजी रोधकाच्या टोकांशी घ्यावे. गुणोत्तर परध ÷ (१ + परध) असे होते. छेद जेथल्या तेथे, म्हणून ध्रुवही जेथल्या तेथे. अंशात मात्र प आला, आणि प शून्य असता, म्हणजे स्थिर दाबासाठी, प्रदान लोपते. हे या फलनाचे शून्य होय. मंडल तेच, स्वभाव तोच. केवळ कान देण्याची जागा बदलल्याने शून्य उपजले. पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशी या एका निरीक्षणाचा विस्तार आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१८५४ च्या आरंभी मायकेल फॅरडेने लंडनमधील आपल्या व्याख्यानात एका चमत्कारिक गोष्टीकडे लक्ष वेधले. खांबांवरून जाणाऱ्या तारेतून संदेश झटकन जातो. तीच तार गटापर्चाने मढवून पाण्यात किंवा जमिनीत टाकली, की तो रेंगाळतो व पसरतो. फॅरडेचे स्पष्टीकरण असे होते की, आत तांबे, बाहेर पाणी आणि मध्ये गटापर्चा अशा रचनेची तार म्हणजे एक अतिशय लांबोळे लेडनपात्रच आहे. ते भरल्यावाचून पलीकडच्या टोकास प्रवाह पोचत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेला ग्लासगोचा प्राध्यापक, याने जॉर्ज स्टोक्सशी झालेल्या पत्रव्यवहारात या घटनेचे समीकरण मांडले. ते १८५५ साली रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. समीकरण नवे नव्हते. १८२२ साली फूरियेने उष्णतेच्या वहनासाठी दिलेले तेच हे समीकरण होते. तापमानाच्या जागी दाब आणि उष्णतेच्या जागी विद्युत्-भार आला, इतकेच.

ही उसनवारी अपघाती नव्हती. तापलेल्या सळईचे एक टोक थंड होताना उष्णता मागेपुढे झुलत नाही. ती एकाच दिशेने ओसरत जाते. केवळ रोध आणि धारिता असलेल्या मंडलातही ऊर्जा साठविण्याची रीत एकच असते. प्रवर्तक नसल्यामुळे विद्युत्-ऊर्जेचे चुंबकीय ऊर्जेत व पुन्हा विद्युत्-ऊर्जेत असे रूपांतर घडण्यास वावच नसतो. झोपाळ्याला उंची आणि वेग अशा दोन ठिकाणी ऊर्जा ठेवता येते म्हणून तो झुलतो. बारीक नळीने जोडलेल्या दोन माठांतले पाणी झुलत नाही, ते झिरपते. गणिताच्या भाषेत याचा अर्थ असा की, अशा मंडलाचे सर्व ध्रुव सदसत् प्रतलातील सत् अक्षाच्या ऋण भागावरच पडतात. ते त्या अक्षास सोडून जात नाहीत.

एकामागून एक रोधक-धारित्रांच्या कड्या जोडून समुद्रतारेची प्रतिकृती बनविली तर हे ध्रुव प्रत्यक्ष मोजता येतात. दोन समान कड्यांसाठी, परध या गुणाकारास क्ष म्हटल्यास, छेद क्ष² + ३क्ष + १ असा येतो आणि त्याची मुळे उणे ०.३८२ व उणे २.६१८ ही येतात. मधला अंक २ नसून ३ आहे याकडे विशेष लक्ष द्यावे. दोन्ही कड्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर तेथे २ आला असता आणि दोन्ही ध्रुव उणे १ पाशी एकत्र बसले असते. दुसरी कडी पहिलीवर भार टाकते, म्हणून ध्रुव एकमेकांपासून दूर सरतात : एक अधिक संथ होतो, दुसरा अधिक चपळ. तीन कड्यांना ही स्थाने उणे ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७ अशी येतात. कड्या अगणित करून त्या अगणित लहान केल्या की खरी केबल मिळते. पलीकडचे टोक मोकळे असेल तर तिचे ध्रुव १, ९, २५ अशा विषम संख्यांच्या वर्गांच्या प्रमाणात मांडलेले असतात, आणि त्यांतील सर्वांत संथ ध्रुव एकूण रोध व एकूण धारिता यांच्या गुणाकाराने उणे २.४६७ यास भागून मिळतो. लांबी दुप्पट केली की एकूण रोधही दुप्पट आणि एकूण धारिताही दुप्पट. म्हणून विलंब चौपट. टॉमसनचा ‘वर्गांचा नियम’ तो हाच. टॉमसनजवळ ध्रुव हा शब्द नव्हता, परंतु त्याच्या श्रेढीतील प्रत्येक घातांकी पद हे एकेका ध्रुवाचेच पद होते.

या नियमास विरोध झाला तो अटलांटिक केबलच्या योजनेत. वाइल्डमन व्हाइटहाउस हा ब्रायटनचा शल्यवैद्य, विद्युत्-प्रयोगांचा हौशी अभ्यासक आणि पुढे अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचा विद्युत्-तज्ज्ञ. १८५६ साली चेल्टनहॅम येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने स्वतःच्या प्रयोगांच्या आधारे वर्गांचा नियम झिडकारला. त्याचे प्रयोग खोटे नव्हते. दूरच्या टोकास प्रवाहाचा पहिला स्पर्श केव्हा जाणवतो ते त्याने मोजले होते, आणि तो स्पर्श मापकाच्या संवेदनशीलतेवर अवलंबून असतो. सर्व ध्रुवांची एकत्रित करणी मोजून त्याने संथ ध्रुवाविषयी निर्णय दिला. एका दृष्टीने तो कान देण्याच्या रीतीविषयी बोलत होता, तर टॉमसन मंडलाच्या स्वभावाविषयी. दोघांचे वाद ‘अथीनियम’ या साप्ताहिकातून चालले, परंतु ते दोन भिन्न गोष्टींविषयी बोलत आहेत हे सांगण्यास लागणारी भाषाच उपलब्ध नव्हती.

व्हाइटहाउसच्या भूमिकेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघत होता : तांबे बारीक असले तरी चालेल, रेटा मोठा हवा. १८५८ च्या केबलमध्ये दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे व २६१ पौंड गटापर्चा होता. त्या वर्षीच्या ५ ऑगस्टला आयर्लंड व न्यू फाउंडलंड या दोन किनाऱ्यांमधला दुवा पूर्ण झाला. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अध्यक्ष ब्यूकॅननला पाठविण्यात आला. त्यास सुमारे १६ तास लागले, म्हणजे एका शब्दास जवळजवळ दहा मिनिटे. व्हाइटहाउसने प्रचंड प्रवर्तन-वेटोळी वापरून सुमारे २००० व्होल्टचा दाब केबलवर लादला. केबल तीनएक आठवड्यांतच निकामी झाली. तिच्या घडणीत आणि साठवणीत आधीपासूनच दोष होते, त्यामुळे सारा दोष एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या उपायाची दिशाच चुकीची होती यात शंका नाही. रेखीय मंडलात दाब दसपट केला तर प्रदान दसपट होते, ध्रुव मात्र तसूभरही हलत नाही. रेंगाळणारा संदेश दसपट मोठा होऊन तितकाच रेंगाळतो. मधून इन्सुलेशन तेवढे फाटते.

ब्रिटिश सरकार व कंपनी यांच्या संयुक्त समितीने १८६१ मध्ये आपला विस्तृत अहवाल सादर केला. त्यानंतर बनविलेल्या १८६५ व १८६६ च्या केबलींमध्ये तांबे दर सागरी मैलास ३०० पौंड आणि गटापर्चा ४०० पौंड असे प्रमाण आले. रोध जवळजवळ एकतृतीयांशावर आला आणि सर्वच ध्रुव डावीकडे, चपळतेच्या दिशेने सरकले. ध्रुव हलविण्याचा त्या काळी ठाऊक असलेला मार्ग एवढाच होता, आणि तो तांब्याच्या भावाने मोजावा लागे.

पण ध्रुव न हलविता काम भागविण्याच्या युक्त्याही याच काळात निघाल्या, आणि त्या या इतिहासात अधिक मनोरंजक आहेत. प्रत्येक ठोक्यानंतर लगेच उलट दिशेचा एक लहान ठोका पाठवावयाचा, म्हणजे पहिल्याची शेपटी छाटली जाते, ही एक युक्ती टॉमसनने सुचविली होती. उलट ठोक्याचे माप बरोबर साधले तर सर्वांत संथ पद उद्दीपितच होत नाही. ध्रुव आहे तेथेच असतो, पण आदानाच्या रचनेत त्याच जागी एक शून्य बसविलेले असते. क्रॉमवेल व्हार्लीने केबलीच्या टोकाशी एकसरीत कंडेन्सर जोडण्याची पद्धती रूढ केली, तिचेही मर्म हेच. कंडेन्सरमुळे स्थिर प्रवाह अडतो, संक्रमण फलनाच्या अंशात प येतो, आणि उगमस्थानी एक शून्य निर्माण होते. आलेला संदेश दुबळा होतो, परंतु रेखीव होतो. टॉमसनचा आरसा-गॅल्व्हानोमीटर दुबळे संदेश वाचण्यास समर्थ होताच. १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकण्यास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षीच्या जूनपर्यंत सुवेझ, माल्टा व जिब्राल्टर या मार्गाने मुंबई लंडनशी जोडली गेली. लांब मार्ग टप्प्याटप्प्याने तोडण्यातही वर्गांच्या नियमाचा लाभ होताच : एका लांब केबलीचे दोन समान तुकडे केले तर प्रत्येकाचा विलंब चतुर्थांश होतो. एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश पाठविण्यासाठी जी ‘कृत्रिम केबल’ ठाण्यात ठेवीत, ती तर निव्वळ रोध व धारिता यांचीच बनलेली होती. समुद्राची नक्कल एका पेटीत, असे तिचे वर्णन करता येईल.

या सर्वांस एक व्याकरण दिले ते ऑलिव्हर हेव्हिसाइडने. स्वतः तारायंत्राची नोकरी लवकर सोडून एकांतात अध्ययन करणाऱ्या या गृहस्थाने अवकलनाच्या क्रियेस एखाद्या संख्येप्रमाणे वागविले आणि १८८० नंतरच्या दशकात आपला विस्तार-सिद्धान्त मांडला : छेदाची मुळे शोधा, प्रत्येक मुळामागे एक घातांकी पद लिहा, त्यांची बेरीज करा. तो ‘मुळे’ म्हणत असे. प्रवर्तकता वाढविल्यास केबल झिरपण्याऐवजी तरंग वाहू लागते, हेही त्यानेच १८८७ मध्ये प्रतिपादन केले, आणि त्यावरून टपालखात्याचा विद्युत्-तज्ज्ञ विल्यम प्रीस याचा विरोध ओढवून घेतला. तो निराळ्या लेखाचा विषय आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९१६. त्या वर्षी इंग्लंडात ब्रॉमविच व जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी हेव्हिसाइडच्या क्रियापद्धतीस सदसत् प्रतलावरील संकलनाचा पाया दिला. त्यामुळे छेदाचे मूळ हे केवळ समीकरणाचे उत्तर न राहता प्रतलावरील एक स्थान झाले, आणि फलनसिद्धान्तात त्या स्थानास जे नाव आधीपासून होते ते मंडलशास्त्रास आपोआप प्राप्त झाले.

या नावांविषयी येथेच थोडे विवेचन करणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीत पोल असे उच्चारले जाणारे शब्द दोन आहेत. खांब या अर्थाचा लॅटिन ‘पालुस’पासून आला आणि ध्रुव या अर्थाचा ग्रीक ‘पोलोस’पासून, ज्याचा अर्थ आस किंवा फिरण्याचे खीळस्थान. फलनाचा आलेख म्हणजे ताणलेली रबरी चादर, ध्रुवांपाशी ती खांबावर उचललेल्या तंबूसारखी उंच चढते, शून्यांपाशी जमिनीस खिळलेली असते, ही वर्गात सांगितली जाणारी उपमा समर्पक आहे. परंतु शब्दाची व्युत्पत्ती म्हणून ती घेऊ नये. शून्याचा प्रवास तर भारतातूनच झालेला. संस्कृत शून्य, त्याचा अरबी अनुवाद सिफ्र, त्याचे पिसाच्या लिओनार्दोच्या १२०२ मधील ग्रंथातील लॅटिन रूप झेफिरम, आणि इटालियनमधून झीरो.

मराठीने या जोडीस ध्रुव आणि शून्य म्हणावयाचे ठरविले की एक अडचण उभी राहते. ध्रुव म्हणजे अढळ. पुढे दिसेल त्याप्रमाणे मंडलातील ध्रुव अढळ नाहीत. पुनःप्रदायाने ते हलतात. या अडचणीचे उत्तर पाणिनीय परंपरेत आहे. अपादानाची व्याख्या करताना पाणिनीने ध्रुव हा शब्द योजला आहे : वियोग घडत असता जे स्थिर राहते ते. भाष्यकारांपुढे प्रश्न आला की, घोडा उधळलेला असताना स्वार त्यावरून पडला तर घोड्यास ध्रुव कसे म्हणावे? पडण्याच्या क्रियेच्या अपेक्षेने तो स्थिरच आहे, अशा आशयाचे समाधान व्याकरणपरंपरेने दिले. मंडलातील ध्रुवही याच अर्थाने ध्रुव आहे. रचना बदलली तर तो हलतो, पण आदान कितीही बदलले तरी हलत नाही. व्हाइटहाउसला नेमके हेच मान्य नव्हते. तसेच पाणिनीने लोपाची व्याख्या अभाव अशी न करता अदर्शन अशी केली आहे. शून्याच्या कंप्रतेला मंडलात सर्वत्र प्रवाह खेळत असतात. केवळ प्रदानाच्या ठिकाणी त्यांचे दर्शन होत नाही.

शब्द मिळाल्यावर प्रश्नच उलटा विचारता येऊ लागला. मंडल दिले असता ध्रुव व शून्ये कोठे आहेत, हा जुना प्रश्न. ध्रुव व शून्ये दिली असता मंडल बांधता येईल काय, हा नवा. १९२४ साली अमेरिकेत रोनाल्ड फॉस्टरने निव्वळ प्रवर्तक व धारित्र यांच्या मंडलांसाठी त्याचे उत्तर दिले. १९२६ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म कावरने आपल्या प्रबंधात ते रोधक-धारित्र मंडलांसही लागू केले. त्याचा निर्णय विलक्षण साधा आहे. अशा मंडलाच्या दोन टोकांमधील संरोधाचे ध्रुव आणि शून्ये सर्व ऋण सत् अक्षावर असतात आणि ती एकाआड एक येतात. उगमाच्या सर्वांत जवळ ध्रुव, मग शून्य, मग ध्रुव. वर घेतलेल्या दोन कड्यांच्या साखळीचा संरोध (क्ष² + ३क्ष + १) ÷ (क्ष² + २क्ष) असा येतो. त्याचे ध्रुव ० व उणे २, शून्ये उणे ०.३८२ व उणे २.६१८. एकाआड एक हा क्रम डोळ्यांनी पाहता येतो. हेच गुणोत्तर वितत अपूर्णांकाच्या रूपाने उलगडले की प्रत्येक पायरीस एक रोधक किंवा एक धारित्र सुटा होऊन हाती येतो. भागाकार करीत गेले की मंडल बांधून होते. अशा वितत अपूर्णांकांचा सखोल अभ्यास स्टील्ट्येसने १८९४ मध्ये केला होता. त्याच्या मनात विद्युत्-मंडल नव्हते. कावरला वैभव फारसे लाभले नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या पाडावात तो मारला गेला.

दोन टोकांच्या संरोधाचा प्रश्न सुटला तरी आदानापासून प्रदानापर्यंतच्या संक्रमणाचा प्रश्न उरतो, आणि तेथे ध्रुव व शून्य यांच्या भिन्न जाती प्रकर्षाने दिसतात. ध्रुव सत् अक्षाशी बांधलेले, शून्ये जवळजवळ मुक्त. संदेशास दोन वाटांनी नेऊन शेवटी एकत्र आणले आणि एखाद्या कंप्रतेस ते दोन्ही परस्परांस बरोबर विरोधी ठरले, तर प्रदान लोपते. बेल प्रयोगशाळेच्या ऑगस्टाटचे १९३८ चे एकस्व ज्या ‘जुळ्या टी’ मंडलाविषयी आहे त्यात हेच होते. त्याचे संक्रमण (क्ष² + १) ÷ (क्ष² + ४क्ष + १). ध्रुव उणे ०.२६८ व उणे ३.७३२ येथे मुकाट बसलेले, पण शून्ये थेट असत् अक्षावर. प्रवर्तक नसतानाही हे मंडल एक नेमकी कंप्रता पुसून टाकते. १९४९ साली एम. आय. टी. च्या अर्न्स्ट गिलेमिनने रोधक-धारित्र मंडलांच्या संश्लेषणाची व्यापक पद्धती दिली. १९५२ मध्ये फियालकॉव व गर्स्ट यांनी अशा मंडलांच्या संक्रमण फलनांचे सर्वसामान्य नियम सिद्ध केले. समाईक टोक असलेल्या मंडलाचे शून्य धन सत् अक्ष सोडून प्रतलावर कोठेही नेता येते.

मग ध्रुवाचे काय? ते बंधन तोडण्यास विवर्धक लागतो. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना होडीत हॅरल्ड ब्लॅकला ऋण पुनःप्रदायाची कल्पना सुचली आणि ती त्याने हातातील वर्तमानपत्रावर उतरून काढली. विवर्धकाच्या प्रदानाचा काही अंश उलटा फिरवून आदानाकडे आणावयाचा, एवढीच ती कल्पना. परंतु असा विवर्धक कधी कधी स्वतःच ओरडू लागे, म्हणजे त्याचे ध्रुव असत् अक्ष ओलांडून उजवीकडे जात. नायक्विस्टने १९३२ मध्ये त्याची कसोटी दिली. वॉल्टर एव्हन्सने १९४८ मध्ये विवर्धन वाढवीत नेले असता ध्रुव कोणत्या वाटेने चालतात त्या वाटाच कागदावर काढून दाखविल्या.

या वाटांचे सर्वांत सुबोध उदाहरण व्हीनच्या सेतूचे आहे. मॅक्स व्हीनने १८९१ मध्ये तो धारिता मोजण्याच्या कामी वर्णिला. त्यातील रोधक-धारित्रांच्या जोडीचे संक्रमण क्ष ÷ (क्ष² + ३क्ष + १) असे येते. छेद अर्थातच ओळखीचा आहे : दोन कड्यांच्या साखळीचाच, तोच ३, तेच उणे ०.३८२ व २.६१८. या जोडीच्या प्रदानास व पटीने वाढवून पुन्हा आदानाकडे नेले, की छेद क्ष² + (३ − व)क्ष + १ असा होतो. व शून्यापासून वाढवीत नेल्यास दोन्ही ध्रुव एकमेकांकडे चालू लागतात. व = १ ला ते उणे १ पाशी भेटतात, तेथून सत् अक्ष सोडून वर व खाली वर्तुळावरून जातात, आणि व = ३ ला बरोबर असत् अक्षावर पोचतात. जे मंडल झुलू शकत नाही म्हणून सांगितले, ते आता झुलत राहते. विल्यम ह्यूलेटने १९३९ मध्ये स्टॅनफर्ड येथील आपल्या प्रबंधासाठी याच तत्त्वावर आंदोलक तयार केला. विवर्धन नेमके ३ वर धरून ठेवणे ही खरी अडचण होती. ती त्याने एका साध्या दिव्याने सोडविली. आंदोलन वाढले की तंतू तापतो, त्याचा रोध वाढतो आणि विवर्धन आपोआप उतरते. या आंदोलकाच्या एका सुधारित रूपाची आठ यंत्रे वॉल्ट डिस्नीच्या संस्थेने ‘फँटेझिया’ या चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतली होती.

ध्रुव असत् अक्षापर्यंत न नेता वाटेत हव्या त्या ठिकाणी थांबविले तर आंदोलकाऐवजी छानक, म्हणजे फिल्टर, मिळतो. जॉन लिनव्हिलने १९५४ मध्ये आणि लिंकन प्रयोगशाळेतील सॅलन व की यांनी १९५५ मध्ये असे छानक वर्णिले. सॅलन-की मंडलात दोन्ही रोधक समान व दोन्ही धारित्र समान घेतले तर छेद पुन्हा तोच येतो : क्ष² + (३ − व)क्ष + १. व १.५८६ ठेवला की बटरवर्थचा सपाट छानक. वेटोळ्याची जड, महाग आणि गुणगुण पकडणारी वस्तू कमी कंप्रतांच्या मंडलांतून बाहेर पडली ती या छेदाच्या जोरावर.

विवर्धकांच्या रचनेत मात्र याच काळानंतर उलट दिशेची एक घटना घडली. १९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या रॉबर्ट विड्लरने सिलिकनच्या एका तुकड्यावर ७०९ हा क्रियात्मक विवर्धक उतरविला. पुनःप्रदायात तो ओरडू नये म्हणून वापरणाऱ्यास बाहेरून रोधक व धारित्र निवडून जोडावे लागत, आणि निवड चुकली की विवर्धक आंदोलक होई. १९६८ मध्ये त्याच कंपनीत डेव्हिड फुलागरने ७४१ रचला व ३० पिकोफॅरडचा धारित्र त्या तुकड्यावरच आत बसविला. जॉन मिलरने १९२० मध्ये दाखविलेल्या परिणामामुळे विवर्धकाच्या टप्प्यावर आडवा टाकलेला हा इवलासा धारित्र स्वतःच्या कैक पट मोठ्या धारित्रासारखा वागतो. एक ध्रुव तो उगमाकडे ओढतो आणि दुसऱ्यास दूर ढकलतो. ७४१ चा पहिला ध्रुव त्यामुळे ५ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि सुमारे दोन लक्ष असलेले विवर्धन तेथून उतरत जाऊन १० लक्ष हर्ट्झपाशी एकावर येते. १८५८ च्या केबलीत जो संथ ध्रुव टाळण्यासाठी पुढे टनावारी तांबे ओतावे लागले, त्याच जातीचा ध्रुव येथे स्थैर्यासाठी हेतुपुरस्सर, आणि कारखान्यातच, घालण्यात आला.